उन्हाचा परवाना क्रमांक एक

८ जानेवारी

चि. परंतुला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो हो, बघतो" म्हणतोस आणि ते तिथेच विरून जातं. कागदावर म्हणून दाखव, म्हणजे वेळ पडली तर मला ते पुढे करता येईल.

काल लाँड्रीत एक निरीक्षक आला. वयाने तुझ्या मुलाएवढा, बूट नवे, हातात मोजपट्टी. मला वाटलं भट्टीची चिमणी बघायला आला असेल, दरवर्षी कुणीतरी येतं. तो सरळ मागे वाळवणाच्या मैदानात गेला आणि खांब मोजायला लागला. चौसष्ट खांब, बत्तीस तारा, तारांवर दोन इस्पितळांच्या चादरी. मोजून झाल्यावर त्याने विचारलं, हे किती वर्षं चालू आहे. मी म्हटलं, सासूबाईंच्या वेळेपासून. त्याने ते लिहून घेतलं आणि खाली 'कबुली दिली' असंही लिहिलं.

मग हातात नोटीस ठेवली. अवकाशातून येणारी ऊर्जा विनापरवाना व व्यापारी हेतूने ग्रहण केल्याबद्दल. तीस दिवसांत बंद करा, नाहीतर साधनं काढून घेऊ. साधनं म्हणजे खांब, तारा आणि, हे त्याने वेगळ्या ओळीत लिहिलंय, लाकडी चिमटे, नग अंदाजे दोन हजार.

मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, बाबा रे, ही ऊर्जा म्हणजे नक्की कोणती. तो जरा ओशाळला. वर बोट करून म्हणाला, "ऊन, काकू."

तुझे भाऊजी भट्टीपाशी उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोलले काही नाहीत. तुला माहीतच आहेत ते.

हे प्रकरण आपोआप आलेलं नाही. मैदानाच्या दक्षिणेची सगळी पडीक जमीन त्या वीजकंपनीने घेतली आहे. ही कंपनी वर अवकाशात मोठमोठे पत्रे सोडणार, तिथलं ऊन गोळा करणार, त्याच्या न दिसणाऱ्या लहरी करून खाली पाठवणार आणि खाली तारांच्या जाळीत झेलून त्याची वीज करणार. त्या जाळीला माझं मैदान हवंय. त्यांचा माणूस दोनदा आला, दोनदा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो आला नाही, निरीक्षक आला.

मैदान गेलं तर लाँड्री गेली, इतकं साधं आहे. इस्पितळाची मेट्रन उन्हात वाळलेलीच चादर घेते. नाकाला लावून बघते आणि कोंदट वास आला तर गठ्ठा तसाच परत. माझ्या हाताखाली अकरा जणी आहेत.

तू कायदे लिहिणाऱ्या कचेरीत बसतोस. हे कुठल्या दिवट्याने लिहिलंय ते शोधून काढ. लहानपणी प्रत्येक गोष्टीला 'परंतु' लावायचास म्हणून आम्ही तुला ते नाव ठेवलं, आता सरकार तुला त्याचाच पगार देतं. तर एखादा चांगलासा परंतु शोध, ज्यात माझं मैदान बसेल.

ताई


१५ जानेवारी

ताई, नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण टेबलाखाली फायली आहेत.

आधी एक, घाबरू नकोस. तो निरीक्षक आणि हा कायदा एकाच महिन्यात नोकरीला लागले आहेत. दोघेही अजून वागायला शिकतायत.

कायदा का झाला ते सांगतो. देशादेशांमधले करार म्हणतात की अवकाश कुणाच्याच मालकीचं नाही, आणि सूर्य तर नाहीच नाही. मग वर फिरणाऱ्या पत्र्यांनी गोळा केलेली ऊर्जा कुणाची? तिचा किरण चुकून भलत्याच्या छपरावर उतरला तर जबाबदार कोण? दोन कंपन्यांचे किरण एकमेकांना आडवे गेले तर वाट कुणी द्यायची? यावर सगळीकडे नुसत्या परिषदा चालल्या आहेत. वर हात पोहोचत नाही, म्हणून आम्ही खाली धरलं. किरण जमिनीला टेकला की तो आमच्या अखत्यारीत. परवाना वरच्या पत्र्याला नाही, खालच्या जाळीला. कल्पना वाईट नव्हती.

घरगुती वापराला कायद्यात सूट आहे. घरामागे दोरीवर टाकलेल्या बनियनला कुणी हात लावणार नाही. तुझ्या चादरी इस्पितळाच्या, म्हणून त्या व्यापारात मोडल्या असाव्यात.

मसुदा आमच्याच कक्षात झाला, हे खरं. पण कुणी केला असं एका माणसाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. फाइल बऱ्याच टेबलांवरून जाते, प्रत्येक जण काहीतरी घालतो, काहीतरी काढतो.

सोबत एक वाक्य लिहून देतोय, नोटिशीला उत्तर म्हणून तेच दे: 'आम्ही ऊर्जा ग्रहण करीत नाही, ती आपोआप पडते.' मी इकडे खुलाशाचं परिपत्रक निघतंय का ते बघतो. होईल सगळं.

भाऊजींना नमस्कार.

परंतु


२७ जानेवारी

चि. परंतु,

तुझं वाक्य सुनावणीत वाचून दाखवलं. त्याचं काय झालं ते ऐक.

सुनावणी अधिकाऱ्याने विचारलं, चादरी वाळतात की नाही. मी म्हटलं, वाळतात. मग म्हणाला, म्हणजे उपयोग होतो. मी म्हटलं, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही होतो, तोही अंग शेकत पडलेला असतो, त्याला द्या नोटीस. त्यावर कंपनीचा वकील उठला आणि म्हणाला की कुत्र्याने खांब उभारलेले नाहीत. कुत्र्याचा आणि खांबाचा संबंध मला ठाऊक आहे, पण सुनावणी होती म्हणून गप्प बसले.

मग त्याने कायद्यातली व्याख्या वाचली. मी लिहून घेतली आहे. 'पृथ्वीच्या वातावरणाबाहेरून येऊन जमिनीवर पडणारी, कोणत्याही स्वरूपातील ऊर्जा.' आणि ग्रहण म्हणजे ती 'तार, दोरी, जाळी, खांब किंवा अन्य साधनाने उपयोगात आणणे.' सूर्य वातावरणाच्या बाहेर आहे, हे तो वकील मला दोनदा समजावून सांगत होता, जणू मी त्याला आत धरून ठेवलाय. तार माझ्याकडे आहे, खांब आहेत. पण दोरी ऐकून मी चमकले. अवकाशातली वीज दोरीने कोण पकडतं रे? हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात नक्की काय होतं?

ज्याने हे लिहिलं, त्याने जन्मात ओलं फडकं झटकून वाळत घातलेलं नाही. बायको घालत असेल आणि हा घड्या घातलेले कपडे कपाटातून काढून अंगावर चढवत असेल. ते ओल्याचे कोरडे कसे होतात, हा प्रश्न त्याला पडलाच नसेल. असल्या माणसाला एक दिवस माझ्याकडे पाठव, पहाटेच्या पहिल्या गठ्ठ्याला लावते.

माझा संशय तुमच्या मोठ्या साहेबांवर आहे. तुझ्याकडे जेवायला आले होते तेव्हा ताट संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नव्हती. असा माणूस असंच लिहिणार. मी मंत्र्यांकडे तक्रार करतेय, नावानिशी. त्यांचा हुद्दा नीट लिहून पाठव, तिथे चूक नको. मुदत सात तारखेला संपते.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

साहेबांचं नाव घालू नकोस. ते जेवताना मान वर करत नाहीत हे खरं, पण मसुदा पुढे आला तरी करत नाहीत, नुसती सही करतात.

लिहिला मी.

कसा, तेही सांगतो. आमच्या कचेरीत कोरा कागद घेऊन कायदा लिहायची पद्धत नाही. कोऱ्या कागदावर लिहिलं की त्याची जबाबदारी येते. म्हणून त्यातल्या त्यात जवळचा जुना कायदा काढायचा आणि शब्द बदलायचे. आकाशातून पडणाऱ्या वस्तूवर आमच्याकडे एकच कायदा होता, पावसाच्या पाण्याचा. मंत्र्यांना परदेशातल्या परिषदेत जाऊन 'असा कायदा करणारे आम्हीच पहिले' म्हणायचं होतं. हातात तीन दिवस. मी 'पाणी' होतं तिथे 'ऊर्जा' केलं, 'पाऊस' होता तिथे 'अवकाश', 'टाकी' होती तिथे 'जाळी'. दोरी राहून गेली. ती विहिरीची आहे.

घरगुती सूटही तिथलीच. पाणी साठवून विकणाऱ्याला परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा, कारण त्याने साठवलं की खालच्याला कमी पडतं. तू चादरी वाळवल्यास म्हणून कुणाचं ऊन कमी होत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या तीन दिवसांत ते आठवायची जबाबदारी कुठल्याच टेबलावर नव्हती, माझ्याही नाही. गेल्या पत्रात फायलीची टेबलं मोजत बसलो, ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

आता एक विनंती. मार्चअखेर उपसचिवाची जागा रिकामी होतेय आणि यादीत माझं नाव पहिलं आहे. आत्ता तक्रार गेली किंवा मी होऊन चूक लेखी दिली, तर ते नाव यादीत राहणार नाही. त्या जागेवर बसलो की पुढच्या अधिवेशनात मी गाजावाजा न करता दुरुस्ती घालतो. आठ महिने लागतील. तोवर वाळवणी यंत्र भाड्याने आण. आठच महिने, ताई. तुझ्यासारखीला ते काय अवघड आहे.

परंतु


६ मार्च

प्रति,
मा. मसुदा अधिकारी

विषय: वाळवण.

महोदय,

आपले ३ फेब्रुवारीचे पत्र मिळाले. उत्तरास महिना लागला, कारण मध्यंतरी काम वाढले. मंत्र्यांकडे तक्रार केलेली नाही. साहेबांच्या नावाने केली असती तर ती खोटी ठरली असती.

९ फेब्रुवारी रोजी निरीक्षकांनी बत्तीस तारा उतरवून गुंडाळल्या व चौसष्ट खांबांना शिशाची सिले लावली. चिमटे मोजताना एक हजार आठशे सत्तर भरले. उरलेले एकशे तीस कुठे आहेत अशी विचारणा झाली. ते अंदाजात होते, असे उत्तर दिले.

आपल्या सल्ल्याप्रमाणे यंत्र आणले. त्यातून निघालेली चादर गरम असते, म्हणून कोरडी वाटते. गठ्ठा बांधून दोन तास ठेवला की ओल वर येते. मेट्रनबाईंनी तीन गठ्ठे परत केले. लहान इस्पितळाने काम काढून घेतले. अकरापैकी चार जणी घरी बसल्या आहेत. त्यांपैकी एकीने मला रस्त्यात ओळख दिली नाही. इस्त्रीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चादरी टांगल्या आहेत. आपले भाऊजी त्या खोलीतून वाकून चालतात व अद्याप काहीही बोललेले नाहीत.

नदीपलीकडील लाँड्रीलाही अशीच नोटीस गेली आहे. मातीची भांडी करून मांडवावर वाळत घालणाऱ्या बाईलाही गेली आहे. तिच्या मांडवाला खांब आहेत.

कंपनीने दक्षिणेच्या हद्दीलगत बारा मीटर उंच जाळीची आखणी केली असून चुन्याच्या खुणा मारल्या आहेत. जाळी उभी राहिली की मैदानावर दुपारपर्यंत सावली राहील. म्हणजे आपण आठ महिन्यांनी सिले काढून दिलीत, तरी खाली ऊन नसेल. हे आपल्या ध्यानात आले नसावे. आले असल्यास तसे कळवावे.

एकच प्रश्न आहे. चूक आपली आहे, असे आपण सरकारला लेखी देणार काय? उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच द्यावे. तिसरा शब्द वापरू नये, विशेषतः आपल्या आवडीचा.

आपली,
अर्जदार


१४ मार्च

ताई,

होय.

बाकीचं वेगळ्या कागदावर लिहितोय, म्हणजे वरचा कागद तुला कुठेही जोडता येईल.

सावलीचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आठ महिने म्हणताना मी कॅलेंडर बघितलं होतं, मैदान नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांना टिपण दिलं. चूक माझी, अशी झाली, या कलमात झाली, निव्वळ सूर्यप्रकाशाला कायदा लावायचा सरकारचा इरादा नव्हता. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तुमच्या मनात काय होतं, याला कायद्यात जागा नाही. छापलंय ते खरं." दुरुस्तीचं बघू म्हणाले, पण मंत्री सध्या पहिलेपणाची भाषणं देत फिरतायत, त्यांना मध्येच थांबवता येत नाही. यादीतून माझं नाव गेलं. मला शुद्धिपत्र शाखेत बसवलंय, तळमजल्याला, मागच्या बाजूला. छापील कायद्यातल्या वेलांट्या तपासायच्या. खोलीला खिडकी नाही, त्यामुळे निदान तिथे कुणी विनापरवाना ऊर्जा ग्रहण करत नाही.

तिथे काम कमी, म्हणून पहिल्यांदाच तो कायदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. लिहिताना वाचला नव्हता. आणि ताई, त्यात दोन कलमं आहेत.

कलम अकरा. कायदा येण्यापूर्वीपासून जो ग्रहण करत आलाय, त्याने मागितला तर परवाना नाकारता येत नाही. हे मुळात जुन्या विहिरीवाल्यांसाठी होतं. तुला पुरावा शोधायला नको, निरीक्षकाने पहिल्याच दिवशी 'सासूबाईंच्या वेळेपासून' अशी कबुली सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवली आहे.

कलम एकोणीस. परवानाधारकाच्या ग्रहणात अडथळा येईल किंवा त्यावर सावली पडेल असं बांधकाम त्याच्या संमतीशिवाय शेजारी कुणालाही करता येणार नाही. हे पावसाच्या कायद्यात नव्हतं. कंपनीने आग्रह धरून घालून घेतलं. जाळीशेजारी उद्या कुणी इमारत चढवली तर, अशी त्यांना धास्ती होती. परवाना फक्त आपल्यालाच मिळेल, असं ते धरून चालले. मीही.

त्यांचा अर्ज अजून पडून आहे, कारण त्यांचा उपग्रह वर गेलेला नाही. तुझा सूर्य गेलेला आहे. तू अर्ज कर. जे आहे तेच लिही, एक अक्षर वाढवू नकोस.

मिळाला तर या कायद्याखालचा पहिला परवाना एका लाँड्रीला गेला, असं पेपरात येईल. लोक हसतील आणि कुणाला हसतील ते उघड आहे. हसू देत.

हे मी भाऊ म्हणून सांगतोय. ती फाइल आता माझ्याकडे नाही आणि परवाने देणारी शाखा निराळी आहे.

परंतु


११ एप्रिल

चि. परंतुला आशीर्वाद, या वेळी मनापासून.

तुझं ते 'होय' भाऊजींना दाखवलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि जानेवारीपासून पहिल्यांदा या विषयावर बोलले. म्हणाले, "अक्षर सुधारलंय त्याचं."

अर्ज भरायला दोन दुपारी गेल्या. स्रोताचं पृथ्वीपासूनचं अंतर विचारलं होतं. मी लिहिलं, सुमारे पंधरा कोटी किलोमीटर, भाचीला विचारून. स्रोताचा मालक: माहीत नाही, ओळखीतलं कुणी नाही. स्रोत किती वर्षांपूर्वी प्रस्थापित झाला: सासूबाईंच्याही आधी. आपत्कालीन प्रसंगी किरण बंद करण्याची काय सोय आहे, यावर बराच विचार केला आणि 'संध्याकाळ' असं लिहिलं. खिडकीवरच्या कारकुनाने सगळं वाचलं, त्या उत्तराखाली बोट ठेवून थांबला, मग शिक्का मारला. रकाना भरलेला असला की त्यांना पुरतं.

दहाव्या दिवशी परवाना आला. क्रमांक एक, मुदत पंचवीस वर्षं. सिलं काढायला तोच निरीक्षक आला. खांबाखांबाला पक्कड लावत फिरला, मग आपण होऊन तारा ताणायला मदत करत बसला. एकशे तीस चिमट्यांबद्दल पुन्हा विचारलं नाही. चौघी परत आल्या. रस्त्यात ओळख न देणारी सर्वांत आधी आली. मेट्रनने पहिली चादर नाकाला लावली, घडी घालून ठेवली आणि पुढची मागितली. लहान इस्पितळ अजून विचार करतंय.

कंपनीचा वकील संमतीपत्र घेऊन आला. त्याला म्हणे फक्त माझी एक सही हवी होती. मला म्हणाला, "काकू, तुम्ही प्रगतीच्या आड येताय."

मी म्हटलं, "मी उत्तरेला आहे. आड दक्षिणेचा माणूस येतो."

तो सहीशिवाय गेला. मग पेपरवाले आले. हा कायदा कुणी लिहिला, असं विचारलं. मी सांगितलं, माझ्या धाकट्या भावाने, आणि चूक लेखी कबूल केली तीही त्यानेच. त्यांनी पहिलं छापलं. दुसऱ्याला जागा पुरली नसावी. तू वाचलं असशीलच.

आता खरी अडचण. मंत्री भाषणांवरून परत आले आणि हसं झालेलं पाहून त्यांना दुरुस्तीची घाई झाली आहे. त्यासाठी सर्व परवानाधारकांचं मत मागवलंय. सर्व म्हणजे मी. ऊन कायद्यातून वगळायचं म्हणतात. वगळलं की नदीपलीकडचा सुटेल, भांडीवाली सुटेल. माझा परवानाही त्याच क्षणी जाईल आणि त्याच्याबरोबर ते एकोणीस कलम. चुन्याच्या खुणा अजून तशाच आहेत.

'वगळू नका' लिहिलं तर मी पंचवीस वर्षं निवांत. नदीपलीकडचा वीस वर्षं माझी गिऱ्हाइकं पळवतोय, त्याच्यासाठी मी माझं ऊन का सोडावं? त्याने यावं आणि भरावा की अर्ज. पण त्याने जुनी जागा सोडून कायदा आल्यावर नव्या जागेत खांब घातलेत, त्याला अकरा कलम लागत नाही. आणि भांडीवालीला लिहिता येत नाही. ती परवा येऊन पायरीवर बसली. काही मागितलं नाही. माझ्या चादरी बघत होती. जाताना म्हणाली, "तुमचं बरंय."

ते 'बरंय' दोन दिवस कानात राहिलं. 

मत लिहिलंय, सोबत वेगळ्या कागदावर आहे. दोनच ओळी आहेत. मी शाखेला पाठवलंय, ही नक्कल तुला. तुझ्याकडे वेलांट्या तपासायला येईलच, तेव्हा कायद्याच्या भाषेत बसव. बसलं नाही तर कळव, तसंच ढकलू नकोस.

ताई


२९ मे

ताई, नमस्कार.

पेपर वाचला. शाखेतल्या शिपायाने कात्रण काढून माझ्या टेबलाच्या काचेखाली घातलंय. काढायला गेलो तर काच उचलली जात नाही.

तुझं मत माझ्याकडे आलं, कारण या कायद्याला आता वर कुणी हात लावत नाही. परवानाधारक माझी सख्खी बहीण आहे, असं आधी फाइलवर लिहून दिलं. त्यावर शेरा आला की वेलांटीला नातं नसतं, पुढे चला. मग बसवायला घेतलं. पहिल्या खेपेला एकशे चाळीस शब्द झाले आणि त्यात पतंग उडवणाऱ्याला परवाना लागत होता. दुसऱ्या खेपेला दोनशे झाले, पतंगवाला सुटला पण झाड लावणारा अडकला. तिसऱ्या खेपेला मी जुने कायदे कपाटात घातले, कोरा कागद घेतला आणि तू लिहिलंस ते अक्षरशः उतरवून काढलं. समितीपुढे ते असं वाचलं गेलं:

'उन्हाला परवाना लागणार नाही. दुसऱ्याच्या कामाच्या उन्हात बांधकाम उभं करायला त्याची संमती लागेल.'

सचिव म्हणाले, ही भाषा कायद्याची नाही. कंपनीच्या वकिलाने लेखी हरकत घेतली होती. या वाक्यात वाद घालायला जागा ठेवलेली नाही, त्यामुळे आमच्या अशिलावर अन्याय होतो, असं तीत म्हटलं होतं. समितीतल्या एका म्हाताऱ्या सभासदाने वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी विचारलं, एवढंच का? मी म्हटलं, एवढंच. नऊ विरुद्ध चार मतांनी मंजूर झालं, काल अधिवेशनातही झालं. नोटिसा सगळ्या मागे घेतल्या आहेत, भांडीवालीचीही. तुझा परवाना रद्द झाला. तो कागद परत करायचा असतो, पण कुणी मागेपर्यंत देऊ नकोस.

कंपनी जाळी दोनशे मीटर दक्षिणेला सरकवतेय. त्यांच्या जमिनीत जागा होतीच, नकाशात ती सरळ दिसत नव्हती एवढंच. तुझ्या दुपारी तुझ्याकडेच राहतील.

माझं म्हणशील तर उपसचिवाची जागा दुसऱ्या कक्षातल्या गृहस्थांना मिळाली. पुढच्या वर्षी तरी माझा विचार होईल का, असं काल साहेबांना विचारलं. त्यांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, "अवघड आहे. तुमच्याकडून आलेलं आता लोकांना कळायला लागलंय."

परंतु